वाढलंय ते टीएसएच

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडवेली झाली होतीस. "हार्मोन वाढलंय म्हणतात, आणि वर हार्मोनचीच गोळी देतात!" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

वाढलंय ते टीएसएच, आणि ते थायरॉइडचं नव्हेच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिचं ते. गळ्यातल्या थायरॉइडला 'कामाला लाग' म्हणून तिने मारलेली हाक समज. थायरॉइडने टी-4, म्हणजे तिचं स्वतःचं हार्मोन, पुरेसं तयार केलं की ते रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं आणि हाक आपोआप खाली येते. तुझी थायरॉइड मंदावलीय, म्हणून हाक चढत गेली. रिपोर्टात टीएसएचच्या खालची ओळ बघ, फ्री टी-4 ची, म्हणजे रक्तात मोकळ्या असलेल्या टी-4 ची. तो आकडा उतरलाय. तुझ्या गोळीत आहे ते हेच टी-4. शाळेत 'संप्रेरके' पाठ केलीस, पण ही देवघेव त्या धड्यात कुणी समजावून दिली नसावी, याचं मला वाईट वाटतं.

दचकलीस की अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि काही मिनिटांत ओसरतं. टी-4 चं तसं नाही. रक्तातलं टी-4 निम्म्यावर यायलाच साधारण 7 दिवस लागतात, म्हणून गोळीचा मेळ बसायलाही वेळ जातो. डॉक्टरांनी पुढची तपासणी 6 आठवड्यांनी सांगितली, ती त्यासाठीच. आठवडाभरात थकवा गेला नाही तर हिरमुसू नकोस.

मी इथेच चुकले होते. बरं वाटायला लागलं आणि कुणाला न विचारता गोळी बंद केली. सुरुवातीचे काही दिवस काहीच बिघडलं नाही, कारण आधीचं टी-4 अजून अंगात होतं. मला वाटलं, बरी झाले. पुढे कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले, भर उन्हाळ्यात हातपाय गार पडायचे, एक जिना चढला की बसावं लागायचं. पुन्हा सावरायला कित्येक महिने गेले. तुझ्या बाबतीत ते व्हायला नको, बाळा.

गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घे. नंतर अर्धा-पाऊण तास काही खाऊ नकोस. लोहाची गोळी चालू आहे ना तुझी? ती चार तासांनी घे, नाहीतर ही गोळी नीट शोषली जात नाही.

पुढचा रिपोर्ट आला की दोन्ही ओळी मला फोनवर वाचून दाखव.

तुझी आई