थांबणारे लोक आहेत, घाटात नंबरचे बोर्ड नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं की रस्त्यात गाडी बंद पडून माणूस उभा असला तरी आता कोणी ढुंकून बघत नाही, माणुसकी राहिली नाही वगैरे. त्यांना तसा अनुभव आला असेल, मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण मी विम्याचं काम करते, त्यासाठी कराड, पाटण, कोयनानगर, कधी ढेबेवाडी तर कधी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत स्कूटीवर जावं लागतं, आणि मला रस्त्यावर बरोबर याच्या उलट दिसतं म्हणून हे लिहायला बसले. लोक थांबतात हो. थांबून पुढं काय करायचं हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि ज्याची गाडी बंद पडलीय त्याला कोणाला फोन लावायचा ते माहीत नसतं, खरी अडचण तिथं आहे.

आधी एक सांगते जे कोणी मदत म्हणून मोजतच नाही. तुम्ही साइड स्टँड वर न करता निघालात तर पुढच्या शंभर पावलांत कोणीतरी ओरडतंच, "ताई स्टँड, स्टँड". ओढणी चाकाकडं लोंबत असली की मागचा माणूस हॉर्न वाजवत वाजवत शेजारी येतो, हातानं दाखवतो आणि निघून जातो, त्याचं तोंडसुद्धा आपण धड बघितलेलं नसतं. बाईकची चेन आणि मागच्या चाकाच्या तारा यात साडीचा पदर किंवा ओढणी अडकून बायका पडतात, जीवही जातात, त्यामुळं त्या ओरडणाऱ्या माणसानं काय केलंय हे त्याला स्वतःलाही कळत नसेल. 1 एप्रिल 2017 पासून नवीन दुचाकीचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत चालूच राहतो, त्याला बंद करायचं बटणच नाहीये, तरी आजही समोरून येणारी म्हातारी माणसं हाताची मूठ उघडझाप करून सांगतात लाइट चालू आहे म्हणून. मी मान हलवून आभार मानते. त्यांनी बघितलं आणि सांगावंसं वाटलं, मला तेवढं पुरे आहे.

आता खरोखर गाडी बंद पडल्यावर कोण थांबतं ते बघा. दूधवाले थांबतात, त्यांच्याकडं दोरी असते, हुक असलेला रबर असतो. एमएसईबीचे वायरमन थांबतात, त्यांच्याकडं पक्कड आणि टेप असते आणि वायरीची भीती नसते. उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्याला निघालेला ड्रायव्हर ट्रॉली भरलेली असल्यानं थांबू शकत नाही पण तो पुढच्या गावात टपरीवर सांगून जातो की मागं अमुक पुलापाशी एक बाई गाडी घेऊन उभी आहे, आणि खरंच कोणीतरी येतं. शाळेच्या वेळेला सायकलची चेन पडलेल्या पोरी रस्त्याकडंला उभ्या दिसतात आणि एखादे आजोबा काडीनं चेन दात्यावर चढवत पेडल उलटं फिरवत असतात, हात काळे झाले की गवताला पुसतात आणि म्हणतात जा आता, घंटा झाली असेल. हे सगळे स्वतः घाईत असलेले लोक आहेत. कारवाले कमी थांबतात, पण मी त्यांना दोष देत नाही, काच बंद, एसी चालू, वेग जास्त, उभा माणूस त्यांना दिसेपर्यंत ते पुढं गेलेले असतात. दुचाकीवाल्याला मात्र दिसतो, आणि आपलंही असं होऊ शकतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

पण मदत करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यायला पाहिजे की गाड्या बदलल्यात. पूर्वी पेट्रोल संपलं तर थांबलेला माणूस आपल्या गाडीची नळी काढून बाटलीत पेट्रोल द्यायचा, पाणी प्यायची बाटली रिकामी करून. धुराचे बीएस सहा नियम आल्यापासून म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या गाड्यांना कार्बोरेटर जवळजवळ राहिला नाही, पेट्रोलचा कॉक नाही, रिझर्व्हला टाकायची सोय नाही, पंप टाकीच्या आत बसलेला असतो, त्यामुळं नळी ओढून पेट्रोल काढता येत नाही आणि उगाच ओढाताण करून समोरच्याची चांगली गाडी बिघडवू नये. इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर प्रश्नच मिटला, कोणी काही देऊच शकत नाही, चार्जर असलेल्या घरापर्यंत पोचवणं एवढंच. स्कूटीला धक्का मारून चालू करता येत नाही हेही कित्येकांना माहीत नाही. गिअरची मोटरसायकल धक्क्यावर चालू होते, स्कूटीत बेल्टवरचा कारभार असतो, कितीही ढकला चालू होणार नाही, आणि बेल्टच तुटला असेल तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही, ती गॅरेजलाच न्यावी लागते. तेव्हा थांबलेल्या माणसानं आधी हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण चुकून दाबलं गेलंय का बघावं, साइड स्टँड खाली आहे का बघावं कारण आता बऱ्याच गाड्या स्टँड खाली असला की चालूच होत नाहीत, मग पेट्रोल बघावं. अर्ध्या वेळा तिथंच काम होतं आणि दोघंही हसत निघतात. पावसात प्लगच्या टोपीत पाणी जातं, ती काढून कोरड्या फडक्यानं पुसली की पुष्कळदा गाडी चालू होते. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्यामुळं आमच्याकडच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही.

टोचनबद्दल मात्र मला काळजी वाटते. म्हणजे मागच्या बाईकवाल्यानं पुढच्या बंद गाडीच्या फूटरेस्टला पाय लावून ढकलत नेणं. सपाट रस्त्यावर, गावात, हळू, ठीक आहे, हजारो लोकांच्या गाड्या अशाच गॅरेजला पोचल्यात. घाटात हे करू नका. वळणावर दोन्ही गाड्यांचा तोल एकमेकांवर असतो, समोरून ट्रक आला तर पाय काढायलाही वेळ मिळत नाही. त्यापेक्षा गाडी कडेला लॉक करून माणसाला मागं बसवून खाली न्या, मेकॅनिकला घेऊन परत या. वेळ जाईल पण दोघं घरी जाल.

सायकलवाल्यांचं वेगळंच दुखणं आहे. आता कोकणात जाणारे, लांबच्या स्पर्धा करणारे सायकलिस्ट पुष्कळ दिसतात, पुण्यामुंबईचे, हेल्मेट घट्ट कपडे वगैरे. त्यांच्यातल्या काहींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो, आपल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्याला बसत नाही, त्यासाठी पितळेचा एक छोटा अ‍ॅडाप्टर लागतो जो त्यांनी खिशात ठेवायलाच पाहिजे आणि पंक्चरवाल्यांनीही दुकानात एखादा ठेवला तर बरं, फार किंमत नसते त्याची. शिवाय त्यांच्या बारीक टायरला मोटरसायकलपेक्षा दुप्पट तिप्पट हवा लागते, आणि आपल्या साध्या सायकलीत तेवढी मारली तर ट्यूब फुटते, म्हणून हवा मारणाऱ्यानं विचारून मारावी. 200, 300 किलोमीटरच्या त्या ज्या राइड असतात त्यात स्वतःची दुरुस्ती स्वतः करायची असा नियम असतो म्हणे ठरलेल्या ठिकाणांशिवाय, त्यामुळं कोणी नको म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नये. पाणी विचारावं. पाण्याला कोणी नाही म्हणत नाही.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. मी बाई आहे, अंधारात एकटी उभी असले आणि दोन पुरुष बाईक थांबवून जवळ आले तर माझ्या पोटात गोळा येतो, ते कितीही चांगले असले तरी. 2019 च्या नोव्हेंबरमधे हैदराबादजवळ शमशाबादच्या टोल नाक्यापाशी एका तरुण डॉक्टर मुलीच्या स्कूटरची हवा मुद्दाम काढली होती आणि पंक्चर काढून देतो म्हणून मदतीचं सोंग केलं होतं, पुढं काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. त्यानंतर कित्येक घरांतून पोरींना सांगितलं गेलं की गाडी बंद पडली तर कोणाशी बोलू नको. मला त्या आईबापांचं चुकलं असं वाटत नाही. पण म्हणून चांगल्या माणसांनी थांबायचं बंद केलं तर त्या मुली रस्त्यावर खरोखर एकट्या पडतील. थांबायची एक रीत असते, ती पाळा. दहा बारा फुटांवर गाडी उभी करा, हेल्मेट काढा, चेहरा दिसू द्या, तिथूनच विचारा की काय झालं, कोणाला फोन लावायचाय का. गाडीची किल्ली मागू नका. मागं बसा सोडतो असं पहिल्याच वाक्यात म्हणू नका. ती नको म्हणाली तर वाद न घालता पुढच्या हॉटेलवर किंवा वस्तीवर जाऊन तिथल्या एखाद्या बाईमाणसाला सांगा. घरची बाई सोबत असेल तर तिला बोलू द्या. आमच्या भागातली काही पोरं हे कोणी न शिकवता बरोबर करतात, लांब उभी राहतात, मेकॅनिक येईपर्यंत तिथंच गप्पा मारत थांबतात, आणि मेकॅनिक आला की नुसता हात करून जातात.

दुसरी भीती पोलिसांची. नुसती गाडी बंद पडली असेल तर काही नाही, पण कोणी पडलेलं असेल, रक्त दिसलं, की लोक बाजूला होतात, नंतर कोर्टाच्या चकरा कोण मारणार म्हणून. ही भीती पूर्वी खरी होती, आता कायदा बदललाय आणि तो लोकांपर्यंत पोचलेलाच नाही. सुप्रीम कोर्टानं 2016 मधे मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं, 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलमच घातलं आणि 2020 मधे त्याचे नियम आले. जखमी माणसाला चांगल्या हेतूनं उचलून दवाखान्यात नेलं आणि त्यात काही कमीजास्त झालं तरी मदत करणाऱ्यावर केस होत नाही. पोलिस तुम्हाला नाव पत्ता द्यायची जबरदस्ती करू शकत नाहीत, साक्षीदार व्हायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. हे सगळे हक्क मराठीतसुद्धा लिहून प्रत्येक दवाखान्याच्या दारात, सरकारी असो की खाजगी, लावायचे असा नियम आहे. मी कामानिमित्त पुष्कळ दवाखान्यांत जाते, मला असा फलक क्वचितच दिसतो. अपघातग्रस्ताला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्रानं 2021 मधे 5000 रुपयांचं बक्षीसही सुरू केलं आणि 2025 मधे ते 25000 केलं. बक्षिसासाठी कोणी थांबत नाही हे खरं, पण सरकार तुमच्या बाजूनं आहे एवढं त्यातून कळलं तरी माणूस पुढं होईल. आपल्या पेपरनं हे नियम एकदा चौकटीत छापावेत ही माझी पहिली विनंती.

आणि एक विनंती ट्रकवाल्या आणि ट्रॅक्टरवाल्या भावांना. गाडी बंद पडली की मागून कोणी धडकू नये म्हणून तुम्ही रस्त्यावर दगड मांडता, झाडाची फांदी ठेवता, ते चांगलंच करता. पण गाडी चालू झाल्यावर ते दगड तसेच टाकून जाऊ नका हो. रात्री बाईकवाल्याला ते दिसत नाहीत. फांदी उचलायला मिनिटही लागत नाही, आणि जाणाऱ्या येणाऱ्यांनीही रस्त्यात असा दगड दिसला तर मागचं पुढचं बघून, गाडी कडेला लावून तो बाजूला सारावा. मी सारते.

आता मुख्य मागणी. कुंभार्ली घाटाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, हेळवाकला आणि पोफळीला, तसंच वरंध, ताम्हिणी, आंबेनळी, माळशेज अशा सगळ्या घाटांच्या दोन्ही तोंडांशी एक बोर्ड हवा, ज्यावर जवळच्या दोन तीन पंक्चरवाल्यांचे, एका मेकॅनिकचे, एका टेम्पोवाल्याचे आणि जवळच्या पोलिस ठाण्याचे नंबर असतील. घाटात मधेच रेंज जाते, तेव्हा वर चढायच्या आधीच त्याचा फोटो काढून ठेवता येईल. राष्ट्रीय महामार्गाचा 1033, रुग्णवाहिकेचा 108 आणि पोलिसांचा 112 हे त्याच बोर्डवर मोठ्या आकड्यांत लिहावेत, कारण आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर 112 लागू शकतो हे लोकांना माहीत नाही. आणि फोनवर जागा सांगताना वळणापाशी झाडापाशी असं न सांगता किलोमीटरचा दगड वाचून सांगायचा, पिवळ्या डोक्याचा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा असेल तर राज्य महामार्ग, हेही लिहावं. बोर्ड ग्रामपंचायतीला करता येईल, फार खर्च नाही. पंक्चरवाल्यांची मात्र आधी परवानगी घ्यावी लागेल, त्यातली पुष्कळ पोरं बिहार यूपी केरळकडून आलेली, दुकानातच झोपणारी आहेत, रात्री दोनला उठवलं तरी उठतात, त्यांना रात्रीचे जास्त पैसे द्यायची लोकांनी तयारी ठेवावी. पेट्रोल पंपांनीही हवा फुकट द्यायची असते, ती मशीन रात्री चालू ठेवावी.

कराड ते चिपळूण रस्त्यावरच्या दुकानदारांना विचारून त्यांचे नंबर गोळा करायला मी सुरुवात केली आहे. मल्हारपेठ आणि पाटणचे झाले, कोयनानगरच्या पुढचे राहिलेत. पोफळी शिरगावकडच्या कोणा वाचकाला खालच्या अंगाचे जमवता आले तर त्यांनी आपल्या पेपरकडं द्यावेत, आणि आपण ती यादी पावसाळ्याच्या आधी छापावी.

आपली,
एक दुचाकीवाली वाचक, कराड