केसपेपरवरची एक ओळ

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

माझा भाचा गवंडीकाम करतो. कामावरून परतताना आडव्या रस्त्याने भरधाव आलेल्या मोटारीने त्याच्या दुचाकीला धडक दिली आणि त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. मोटारमालकांनीच त्याला रुग्णालयात पोहोचवले, हे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण दाखल करताना त्यांनी जे सांगितले तेच केसपेपरवर उतरले : ‘गाडी घसरून पडल्याने मार’. भाचा तेव्हा ग्लानीत होता. दुसऱ्या दिवशी ‘पोलीस ठाण्याच्या फेऱ्या कशाला, आपसात मिटवून टाकू’ असे ठरले, घरच्यांच्या हाती २०,००० रुपये पडले आणि त्या गडबडीत ना गुन्हा नोंदला गेला, ना जागेचा पंचनामा झाला.

दोन शस्त्रक्रिया होऊन नऊ महिन्यांनी आम्ही वकिलांकडे गेलो, तेव्हा त्यांनी सगळी कागदपत्रे बाजूला ठेवून आधी त्या एका ओळीवर बोट ठेवले. स्वतःच्या चुकीने पडलेल्या स्वाराला थर्ड पार्टी विम्यातून काही मिळत नाही. समोरच्या वाहनाची चूक दाखवता आली तरच मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा प्राधिकरणात दावा उभा राहतो. भरपाई बहुतेक वेळा वाहनमालकाच्या खिशातून जात नाही, ती त्याच्या विमा कंपनीला द्यावी लागते, ही साधी गोष्ट दोन्ही बाजूंना ठाऊक असती, तर मिटवामिटवी करायची वेळच आली नसती, असे मला राहून राहून वाटते.

मुदतीचाही प्रश्न आहेच. १ एप्रिल २०२२ पासून असा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करण्याचे बंधन आले. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, निर्णय होईपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेशही आहे. भाच्याचा दावा त्यामुळेच दाखल होऊ शकला. मात्र ज्याचा पाय सहा महिने प्लास्टरमध्ये आहे त्याने त्याच सहा महिन्यांत वकील, साक्षीदार आणि कागद गोळा करावेत, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

रकमेबाबतही लोक फार अंधारात असतात. भाच्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर ३० टक्के लिहिले आहे, म्हणून भरपाईही ३० टक्क्यांच्या हिशेबानेच मिळणार असे आम्ही धरून चाललो होतो. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले आहे की, शरीराचे अपंगत्व किती यापेक्षा त्यामुळे त्या माणसाची कमाई किती बुडाली, हे पाहायचे. गुडघा न वाकणारा कारकून खुर्चीवर बसून काम करू शकेल. पण गवंड्याला फरशी बसवायला उकिडवे बसावे लागते, परांचीवर चढावे लागते. महिना १५,००० रुपये कमावणाऱ्या २९ वर्षांच्या माणसासाठी १७ हा गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा) धरला, तर ३० टक्क्यांनी ९ लाख १८ हजार रुपये होतात आणि कमाईची हानी ६० टक्के मानली गेली तर १८ लाख ३६ हजार. म्हणून तो नेमके कोणते काम करत होता, याचा पुरावा ठेकेदाराच्या हजेरीवहीसह द्यावा लागतो.

हेल्मेट किंवा परवाना नव्हता म्हणून कित्येक जण दावाच करत नाहीत. ती चूक आहेच, आणि डोक्याला मार असेल तर हेल्मेट नसल्याचे कारण देऊन भरपाईतून कपात होऊ शकते. पण तेवढ्याने समोरच्याची चूक पुसली जात नाही. गुन्हा उशिरा नोंदला गेला एवढ्याच कारणावरून खरा दावा फेटाळता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. आमची सारी भिस्त आता त्यावर आहे.

माझी विनंती पोलीस आणि रुग्णालय प्रशासनाला आहे. २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अहवाल ४८ तासांत प्राधिकरणाला द्यायचा आहे, तसेच जखमीचे हक्क सांगणारा नमुना दोन अपघातापासून दहा दिवसांत त्याच्या हाती द्यायचा आहे. तो कागद मराठीत छापून खाटेवरच्या रुग्णापर्यंत पोहोचवावा. रुग्णालयांनीही अपघाताची हकीकत कोणी सांगितली त्याचे नाव केसपेपरवर लिहावे आणि रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतःला विचारून ती पुन्हा नोंदवावी. आमच्याकडे ‘गाडी घसरून’ हे शब्द कोणाचे, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेले नाही, आणि उलटतपासणीत भाच्याला पहिला प्रश्न त्यावरच येणार आहे.

आपला नम्र,
एक वाचक, मिरज