एकोणिसाव्या वर्षीचे पदक

महोदय,

पहिल्या महायुद्धातील वैमानिक इंद्रलाल रॉय यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही, याचे वाईट वाटते. १८९८ साली कोलकात्यात जन्मलेला हा तरुण १९१७ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या हवाई शाखेत, रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला. जुलै १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर अवघ्या १३ दिवसांत त्याच्या नावावर १० हवाई विजय नोंदले गेले. २२ जुलैला त्याचे विमान पाडले गेले. वय १९! 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हा शौर्यपदकाचा सन्मान सप्टेंबरमध्ये जाहीर झाला, तेव्हा तो छातीवर लावायला मुलगाच उरला नव्हता. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी हे त्याचे भाचे. पाठ्यपुस्तकात त्याच्यावर निदान एक धडा यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक