आबांना हे वाचून दाखव

प्रिय दत्ता,

बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. शिव्या भेटल्यावर दे, आधी हे वाच. इकडे बरं आहे. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर.

शिवाची खिलार गाय गेली, मोठी. चिंचेखालच्या पट्टीत, बाळूच्या कडवळात, चाऱ्याच्या ज्वारीत. पावसानं ओढ दिलीय. कडवळ गुडघ्याएवढं होऊन तिथंच थांबलं, पानांच्या सुरळ्या झाल्या. गाय दावं तोडून त्यात शिरली. मी विहिरीवर होतो, ओरडा ऐकून पळालो. तोंडाला फेस, मान मागं ताणलेली, पाय झाडत होती. श्वास लोहाराच्या भात्यासारखा. पापणी उलटून बघितली, तर आतून लालभडक. डॉक्टर पोचेपर्यंत खेळ आटोपला होता.

आणि पुढचं तुला सांगायला नको. गाय गार व्हायच्या आत गावात सुरू झालं, बाळूनं विषारी औषध घातलं. बांधावरून दोघांची कचेरी चालू आहे, मग काय, पुरावाच मिळाला! शिवाची आई बाळूच्या दारात उभी राहून बोटं मोडत होती, आणि मला तिच्या जागी तुझे आबा दिसत होते.

तुमची हौशी गाय आमच्या रानात मरून पडली त्या वर्षी माझ्या अण्णांनी बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, तरी आबांनी तोंड फिरवलं. दोन घरांचं बोलणं बंद, लग्नाची पत्रिका बंद, विहिरीची पाळी बंद. तू मात्र शाळेत माझ्या डब्यातली शेंगाचटणी बोटानं पुसून खायचास. वैर धरायचं होतं तर चटणीपासून धरायचं होतंस, लेका!

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर गाय उघडली. रक्त लालचुटुक, पोटात कडवळ तसंच. त्यांनी म्हटलं, किराळ लागली, म्हणजे ज्वारीचं विष चढलं. ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचं द्रव्य असतं. जनावराच्या पोटात त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही, म्हणून रक्त लाल राहतं आणि जनावर गुदमरतं. कोवळं, पाण्याविना सुकलेलं आणि कापल्यानंतर फुटलेलं, ही तिन्ही सगळ्यात वाईट. फुलोऱ्यात आलं की भीती कमी, नीट वाळलेल्या कडब्यात तर फारशी उरतच नाही. शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट वेळेत गेलं तर जनावर उठतं. पण वेळ कुठली? जास्त खाल्लं तर अर्ध्या तासाच्या आत संपतं.

कापल्यानंतर फुटलेलं म्हणाले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आठवतंय ना? आमची हायब्रीड ज्वारी काढून झाली होती, मागाहून पाऊस पडला आणि धसकटांना पोपटी फुटवे आले होते. हौशी त्यातच चरत होती. आपण बांधावर गोट्या खेळत होतो. औषधाची बाटली कुणाला सापडली नव्हती, तरी सगळ्यांनी ती पाहिली होती. किराळ काय गावाला नवी नाही, म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक असतं. पण जनावर भावकीच्या रानात मेलं की किराळीचं नाव कुणी काढत नाही. अण्णा हे ऐकायला राहिले नाहीत, याचंच मला वाईट वाटतंय.

वहिनींची बदली झाली का? चिमीच्या दहावीचं काय? कळव. आणि तुमच्या सोसायटीत कण्हेरी छाटतात त्या फांद्या कुठं टाकतात ते एकदा बघ. हायवेच्या दुभाजकावरच्या छाटलेल्या फांद्या कडेला पडतात, मेंढरांचे कळप तिथूनच जातात. किराळ वाळवल्यानं उतरते, कण्हेर वाळली तरी विषारीच, थेट हृदयावर जाते. वॉचमनला सांग, गाडीत घालून नीट विल्हेवाट लावा म्हणावं. टणटणीचंही तसंच, दुष्काळात दुसरं काही नसलं की जनावरं ती खातात आणि काविळीनं पिवळी पडतात, उन्हात कातडं सोलतं. असो, तू म्हणशील सुरश्या मास्तर झाला.

आता कामाचं. शिवा उद्या चौकीत जायचं म्हणतोय. बाळू दोन दिवस घराबाहेर पडलेला नाही, त्याची बायको माझ्याकडे येऊन रडली. डॉक्टरांचा पंचनाम्याचा कागद माझ्याकडे आहे, पोटातला नमुनाही प्रयोगशाळेला गेलाय. पण शिवा माझं ऐकत नाही, तू बाळूच्या बाजूचा म्हणतो. तुझं ऐकेल, मामाच्या घरचा आहेस. आज रात्रीच फोन कर. त्याला सांग, उरलेली वासरं त्या पट्टीत सोडू नको, कडवळ फुलोऱ्याला येऊ दे. आणि हौशीचं सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्याला पटेल, कारण तुमच्याच घरची गाय होती.

आबांना चष्म्याशिवाय वाचता येत नसेल, तर धसकटांचा भाग तू मोठ्यानं वाच. काही बोलले नाहीत तरी चालेल.

तुझा,
सुरेश