रोपवाटिकेची माती सावरणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. उन्हाने माती तापवून रोपवाटिकेतला रोग कसा आटोक्यात आणायचा, हे तुम्ही सांगितलेलं माझ्यापुरतं ठेवणं मला बरं वाटत नाही.

टोमॅटो-मिरचीची रोपं विकणाऱ्याला मुळांवरच्या गाठींची धास्ती काय असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. या गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, एकदा गादीवाफ्यात शिरले की रोपाबरोबर गिऱ्हाइकाच्या शेतातही जातात. दुकानातून दर हंगामात आणखी कडक औषध हाती पडायचं. तुम्ही मात्र आधी रोपं उपटून मुळं धुऊन पाहिलीत आणि म्हणालात, "एप्रिलचं ऊन वाया घालवू नकोस."

मग सगळं समोर उभं राहून करून घेतलंत. भाव पडल्यामुळे रानातच राहिलेला कोबी आणि त्याचा पाला बारीक तोडून मातीत मिसळला, जोडीला निंबोळी पेंड. वाफे चांगले भिजवले, वर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून बसवला आणि चारी कडा मातीत गाडल्या. ४ ते ६ आठवडे उघडायचं नाही, ही ताकीद.

काका, नुसती कृती कुणीही सांगतं. तुम्ही प्रत्येक गोष्टीमागचं कारण सांगितलंत, त्याचे आभार मला जास्त मानायचे आहेत. काळा मल्चिंग पेपर स्वतःच तापतो, पारदर्शक कागदातून ऊन थेट मातीत उतरतं आणि आत कोंडतं. ओल्या मातीतून उष्णता खोल जाते, म्हणून आधी पाणी. कोबीवर्गातला पाला कुजताना गंधकयुक्त वायू सुटतात, ते बुरशी आणि सूत्रकृमींना मारक ठरतात. कुजण्यात मातीतला प्राणवायू संपतो, आम्लं तयार होतात, त्यामुळे नुसत्या उन्हापेक्षा हा मारा जबर होतो. इस्रायलमध्ये याकोव कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लास्टिकखाली माती तापवून रोग आटोक्यात आणण्याचं काम १९७६ साली प्रसिद्ध केलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. आपल्या मावळात, कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तिथेही पालापाचोळा आणि उष्णताच कामाला येते. इथे फक्त काही जाळावं लागत नाही.

याने काय होणार नाही, तेही तुम्ही लपवलं नाहीत. लव्हाळा या तणाच्या जमिनीतल्या खोल गाठी मरत नाहीत, खालच्या थरातले सूत्रकृमी वाचतात. म्हणून कागद काढल्यावर खोल नांगरट करायची नाही, नाहीतर खालची माती पुन्हा वर येते. वाफे काही दिवस मोकळे ठेवून वाफ जाऊ द्यायची, मग ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं कुजलेलं शेणखत आणि त्यानंतरच बी. घाई केली तर त्याच आम्लांनी कोवळी रोपं करपतात. विकणारा माणूस हे कधी सांगत नाही.

त्या वाफ्यांवरची रोपं आता उपटली की मुळं पांढरी, तंतुमय दिसतात. गाठ पूर्ण गेली असं म्हणणार नाही, पण आता शोधावी लागते. रोपं कोलमडणंही खूप कमी झालं. शेजारच्या वस्तीवरच्या बायका वाफे पाहून गेल्या. त्यांना मी तुमच्याच शब्दांत सगळं सांगितलं, राहू नये म्हणून कागदावर लिहूनही दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात टोमॅटोचा खराब माल वापरून पाहायचा आहे. रोगट मुळं मात्र त्यात जाऊ देणार नाही. तेव्हा एकदा येऊन जा. आणि परसातल्या मिरचीसाठी त्याच वाफ्यातली रोपं तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवली आहेत. पाऊस बसला की पोचती करते.

आपली,
जुन्नर तालुक्यातली एक रोपवाटिकावाली