पहिला शनिवार नेमका कोणता?

संपादक महोदय,

शाळा उघडायला आता फार दिवस उरले नाहीत. घटस्फोट झालेल्या आई-वडिलांकडे मुलांच्या ताब्याचा जो कागद असतो, त्यात एक वाक्य हमखास सापडते: महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार-रविवार वडिलांकडे, सुट्टी निम्मी-निम्मी. गोव्यातला घटस्फोटाचा मूळ कायदा 1910 चा, पोर्तुगीज अमदानीतला. त्याला बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणारी शाळेची बस, ठाऊक असायचे कारण नाही. पण अटींचा कागद आज लिहिला जातो, तरी तोही शाळेच्या दिवसांबद्दल काही बोलत नाही.

येत्या 1 नोव्हेंबरला रविवार आहे. मग पहिला शनिवार-रविवार कुठला धरायचा? 31 ऑक्टोबर धरला तर तो ऑक्टोबरातला पाचवा शनिवार. 7-8 नोव्हेंबर म्हटले तर 8 ला दिवाळी. एवढ्यावरून वकिलांच्या नोटिसा जातात. उपाय साधा आहे. ‘पहिला-तिसरा’ हे शब्द काढून ‘एक आड एक शुक्रवार’ लिहावे, पहिल्या शुक्रवारची तारीख घालावी आणि सण वेगळे काढावेत. सुट्टीही तारखांनी वाटू नये. 2025 मध्ये सहावीपासून पुढच्या बहुतेक वर्गांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झाले आणि ‘15 एप्रिल ते 31 मे निम्मे-निम्मे’ असे लिहिलेले जुने कागद एका फटक्यात कुचकामी ठरले. शाळेचा शेवटचा दिवस ते शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ, एवढे दिवस मोजून मधोमध रेघ मारावी. ते दोन दिवस हिशेबाबाहेर ठेवायचे. वह्यांना कव्हरे घालायची असतात आणि सुट्टीत बिघडलेली झोप वळणावर आणायची असते.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, यंदा 14 सप्टेंबरला. ‘एका वर्षी इकडे, एका वर्षी तिकडे’ हा तोडगा कागदावर न्याय्य दिसतो, पण दोन वर्षांतून एकदाच माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला मिळणाऱ्या मुलाला तो तसा वाटत नाही. एका घरचा गणपती दीड दिवसाचा आणि दुसऱ्या घरचा पाच दिवसांचा असेल, तर विसर्जन झाल्यावर मूल दुसरीकडे नेता येते. दोन्हीकडे दीडच दिवसांचा असेल तर मात्र आळीपाळीशिवाय गत्यंतर नाही.

मुलाची अदलाबदल शक्यतो उंबरठ्यावर करू नये. शुक्रवारी शाळा सुटल्यावर एकाने न्यावे, सोमवारी सकाळी त्यानेच शाळेत सोडावे, दुपारी दुसऱ्याने घ्यावे. समोरासमोर येणेच नाही, त्यामुळे गेटवरची वादावादीही नाही. यात अडते ते कपड्यांपाशी. जून-जुलैत गणवेश दोन-दोन दिवस वाळत नाही. त्यामुळे एका घरी तीन जोड, दुसऱ्या घरी दोन आणि पीटीचा एकेक जोड दोन्हीकडे लागतो. कंपास, रंगपेटी, रेनकोट, टूथब्रश हेही दोन-दोन. दप्तर आणि पुस्तके तेवढी एकच, आणि दप्तर मुलाबरोबरच फिरेल. खर्च वाढतो, पण सोमवारी सकाळी सव्वासातला ‘कंपास बाबांकडे राहिला’ म्हणून रडणारे मूल पाहिलेल्या पालकाला हा हिशेब पटवावा लागत नाही.

ज्याच्याकडे मूल त्या रात्री झोपते, त्याने डायरीवर सही करावी. सूचनेचा फोटो त्याच संध्याकाळी दुसऱ्याला पाठवावा. ‘मम्मीला सांग, फी भरायची आहे’ असा निरोप मुलाकरवी धाडू नये. निरोप्या झालेले मूल हळूहळू निरोप गाळायला शिकते, आणि त्यात प्रगतिपुस्तकही गळते. शुक्रवारी दिलेला आणि सोमवारी द्यायचा प्रकल्प हा तर ठरलेला सापळा. थर्माकोल कुणी आणायचे, यावर रविवार जातो. शनिवारी दुपारपर्यंत सामान घरात, ही जबाबदारी त्या आठवड्याच्या पालकाची.

आता शाळांबद्दल. प्रवेश अर्जावर पालकांच्या फोनसाठी बहुधा एकच चौकट असते आणि व्हॉट्सॲप गटातही तोच एक नंबर जातो. जुलै 2024 मध्ये अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली, तशी ती यंदाही होऊ शकते. ज्याचा नंबर गटात नाही तो पालक मुलाला घेऊन भर पावसात बंद फाटकापाशी उभा राहतो. दोन चौकटी छापायला शाळेला काहीच लागत नाही. कोर्टाने मनाई केलेली नसेल, तर शाळेने दुसऱ्या पालकाला निकाल दाखवायला किंवा पालक-शिक्षक सभेला बसू द्यायला हरकत घेऊ नये. मनाई असेल, तर ताबा असलेल्या पालकाने आदेशाचे संबंधित पान तेवढे मुख्याध्यापकांकडे द्यावे. अख्खे निकालपत्र स्टाफरूममध्ये फिरायची गरज नसते.

मुलाला नेण्याची परवानगी असलेल्यांची नावे, फोटो आणि फोन एका कागदावर, दोघांच्या सहीने, शाळेच्या कार्यालयात असावेत. त्यात आजी किंवा मामा असा तिसरा माणूस हवाच, कारण बालरथ बंद पडला की दोघेही कामावर असतात. आणि वर्गशिक्षकांनी भरवर्गात ‘आज तुला न्यायला कोण येणार?’ असे विचारू नये. कागद कार्यालयात आहे, तिथे बघावे.

– एक शालेय समुपदेशक, फोंडा