इंजिन बंद पडलं, पण विमान का पडलं?

महोदय,

छोटं विमान उड्डाणानंतर मिनिटाभरातच कोसळलं की बातमीत ‘तांत्रिक बिघाडामुळे’ हा शब्द हमखास येतो. ढिगारा अजून गरम असतो, तपास पथक वाटेत असतं, पण कारण मात्र छापून झालेलं असतं. छोट्या विमानांच्या देखभालीत उमेदीची वर्षं घालवलेला वाचक म्हणून याबद्दल थोडं लिहितो.

इंजिन थांबलं म्हणून विमान लगेच खाली आदळत नाही. सेस्ना १७२ सारखं विमान इंजिनाविना हजार फुटांवरून साधारण नऊ हजार फूट पुढे तरंगत जाऊ शकतं. खरा घात होतो तो उंची तीन-चारशे फूटच असताना. वैमानिकाला समोर झाडं, घरं दिसतात आणि पाठीमागे आत्ताच सोडलेली धावपट्टी. मन मागे ओढतं. पण तिथे परतायला नुसतं अर्धवर्तुळ पुरत नाही, कारण वळताना विमान धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला गेलेलं असतं. घाईत तो विमान जास्त कलवतो, आणि उंची टिकवायला नाकही वर ओढतो. उंची राखून ४५ अंश कललेल्या विमानाला हवेत टिकायला सुमारे १९ टक्के जास्त वेग लागतो, ६० अंशांना ४१ टक्के. इंजिन बंद, वेग उतरतोय आणि गरज मात्र वाढलेली. पंखांची उचल तुटते, म्हणजेच विमान ‘स्टॉल’ होतं, आणि एक पंख खाली जाऊन ते गरकन फिरतं. त्यातून सावरायला लागणारी उंची तिथे नसते. म्हणून प्रशिक्षणात घोकून घेतात की नाक खाली, वेग राखा, समोरच्या जागेत उतरा. शेतात पंख मोडून उतरलेल्या विमानातून माणसं चालत बाहेर आलेली आहेत.

बऱ्याचदा तर इंजिन ठणठणीत असतं. २००१ साली बहामाजमध्ये अमेरिकी गायिका आलिया हिला नेणारं सेस्ना ४०२ उडताच कोसळलं, नऊही जण गेले. विमान मर्यादेपेक्षा जड होतं आणि वजनाचा तोल मागे गेलेला होता. भर उन्हात, उंचावरच्या धावपट्टीवर हवा विरळ असते, त्यामुळे इंजिन, त्याचा फिरता पंखा (प्रोपेलर) आणि विमानाचे पंख तिघांचाही जोर कमी पडतो. जमिनीलगतच्या हवेच्या आधारावर विमान उचललं जातं, पण पुढे चढतच नाही.

आणि इंधन! उड्डाणाआधी टाकीच्या तळातून पारदर्शक नळीत थोडं काढून बघायचं असतं. निळसर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा स्वच्छ थेंब दिसला, तर तो जाईपर्यंत काढत राहायचं. काम दोन मिनिटांचं, पण पाऊस पडून गेलेला असो की नसो, हेच आधी टाळलं जातं. तेवढं पाणी उड्डाणाच्या पूर्ण जोरात इंजिनात गेलं, की ते खोकू लागतं.

अशा विमानांत बहुधा ब्लॅक बॉक्स नसतो. तपासनीस पंख्याची पाती कशी वाकली आहेत हे बघून, आदळताना इंजिन जोर देत होतं की नाही याचा अंदाज बांधतात. टाकीतलं, गाळणीतलं इंधन तपासतात, वजनाचा हिशेब पुन्हा मांडतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या तपासाचा हेतू कुणावर खापर फोडण्याचा नसतो, आणि अंतिम अहवाल शक्यतो वर्षभरात यावा अशी अपेक्षा असते. तोवर तुम्हा-आम्हाला विमानाचा रंगही आठवत नसतो. तो अहवाल आला तरी छापला जात नाही, ही माझी खरी तक्रार.

म्हणून विनंती अशी, की पहिल्या दिवशी ‘कारणाचा तपास सुरू आहे’ एवढंच छापावं, आणि अहवाल आला की आतल्या पानावर का होईना, दोन रकाने त्याला द्यावेत. उड्डाण शिकणारी मुलंही तुमचा पेपर वाचतात.

आपला,
विमान देखभाल क्षेत्रातील एक निवृत्त वाचक